चौथी ओळ

"आजान, मला हे नीटसं कळलं नाही," लमियत म्हणाली. खरं तर तिला ते पुरतं कळलं होतं.

विद्यापीठातल्या शिक्षकाला तिथं 'आजान' म्हणत. आजान थमरोंग यांनी चष्मा कपाळावर सरकवला. समोर त्यांच्या टिपणांचा गठ्ठा होता. पंधरा वर्षं विद्यार्थी त्या टिपणांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढत आले होते. सप्टेंबरअखेर आजान निवृत्त होणार होते, आणि निरोपाच्या दिवशी हीच टिपणं पुस्तक करून त्यांच्या हाती द्यायची असं गणित विभागानं ठरवलं होतं. मुद्रितं तपासायचं काम लमियतकडे आलं. ती चौपन्न वर्षांची, फितसनुलोकच्या तंत्रनिकेतनात तीस वर्षं शिकवणारी बाई. चुका धरायला तिची नजर सरावलेली. आता तीच नजर तिला नडली होती.

"काय कळलं नाही?"

"चार-तीन क्रमांकाचं प्रमेय. पान एकशे बारा."

"ते होय!" आजान हसले. "अहो लमियतबाई, तुमच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्याच्यावरच तर उभं आहे."

"म्हणून तर विचारते."

आजानांना खडू हातात घ्यायला निमित्तच लागत नसे. ते उठले आणि खोलीतल्या छोट्या फळ्यावर त्यांनी चार आडव्या रेघा ओढल्या, एकाखाली एक.

"ही आपली आकड्यांची चौकट. चार ओळी. यातल्या कुठल्याही दोन ओळी तंतोतंत सारख्या केल्या की निश्चयक शून्य होतो. ही त्याची खोड. आता आपला प्रश्न काय? दुसऱ्या कुणाला ही खोड आहे का? तर ते बघायला सगळ्या जोड्या तपासायची गरज नाही. चार ओळी असतील तर तीन जोड्या तपासा, पाच असतील तर चार. तेवढ्या जोड्यांनी शून्य दिलं की समजायचं, समोर उभा आहे तो निश्चयकच. दुसरा कुणी असूच शकत नाही."

"कुठल्याही तीन जोड्या?"

"कुठल्याही."

"पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी आणि पहिली-तिसरी घेतल्या, तरी?"

"घ्या की."

"मग चौथ्या ओळीला कोण भेटलं, ते मला कळत नाही, आजान."

त्यांनी पुन्हा समजावलं, या वेळी जरा भरभर. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आजानांचा आवाज चढला. "तीस वर्षं शिकवताय तुम्ही! पहिल्या वर्षाच्या पोरानं विचारावं असं काय विचारता?" ते तिसऱ्यांदा फळ्याकडे वळले. पहिल्या तीन रेघा त्यांनी एकमेकींना कमानींनी जोडल्या, एक, दोन, तीन. खडू चौथ्या रेघेपाशी गेला आणि तिथंच थबकला.

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी मोठ्यानं हसत गेलं. आजान फळ्याकडे तोंड करून उभेच होते. त्यांची मान मागून लाल होत गेलेली लमियतला दिसली.

"तुम्ही या आता," ते म्हणाले. वळले मात्र नाहीत.

तिनं त्यांच्या पाठीला हात जोडले आणि दार हलकेच ओढून घेतलं.

*

लमियत या भानगडीत पडली कशी, हे तिच्या तंत्रनिकेतनातल्या लोकांना कधी उमगलं नाही. वेल्डिंगच्या आणि मोटार दुरुस्तीच्या पोरांना समीकरणं सोडवण्यापुरता निश्चयक शिकवायचा असतो: हे असं तिरपं गुणा, ते तसं तिरपं गुणा, याच्यातून ते वजा करा, पुढचं उदाहरण. चोवीस वर्षं तिनं तेवढंच शिकवलं. मग एकदा संध्याकाळच्या वर्गात एक मोटारसायकल दुरुस्त करणारा चाळिशीचा गडी उठून म्हणाला होता, "बाई, पण वजाच का? सगळंच अधिक केलं तर काय बिघडतं?" वर्ग हसला. बाईसुद्धा हसली, घरी गेली, आणि तिला उत्तर येत नव्हतं.

उत्तर शोधत ती विद्यापीठात आजानांच्या दारात पोचली. तिथं तिला कळलं की निश्चयक हा एकटा नाही, त्याचं भलंमोठं गोत आहे. चौकटीतल्या प्रत्येक ओळीतून आणि प्रत्येक स्तंभातून एकेक आकडा उचलायचा आणि गुणायचा. असे जेवढ्या तऱ्हांनी उचलता येतील तेवढे गुणाकार करून त्यांची बेरीज मांडायची. कुठल्या गुणाकाराला अधिक, कुठल्याला उणे, कुणाला साफ वगळायचं, हे ठरवणारा नियम बदलला की नवा भाऊबंद तयार. त्या गोतात निश्चयकाच्या अंगी जे गुण आहेत ते आणखी कुणाच्या अंगी आहेत, आणि कुठले गुण फक्त त्याचेच, हा आजानांच्या आयुष्याचा विषय होता. तो लमियतचाही झाला. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी तिनं डॉक्टरेटला नाव घातलं.

"बढती मिळणार का?" तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांनी विचारलं होतं.

"नाही."

"मग कशाला उन्हात डोकं तापवायचं?"

त्याला सहा वर्षं झाली. नियमाप्रमाणे सहा वर्षांचीच मुदत असते आणि ती याच महिन्याअखेर संपत होती. प्रबंधाच्या प्रती परीक्षकांकडे रवाना झालेल्या. तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. आणि प्रबंधाच्या मधोमध, पायाच्या दगडासारखं बसवलेलं, चार-तीनचं प्रमेय.

ते खोटं होतं. पहिल्या तीन ओळींतला आणि पहिल्या तीन स्तंभांतला छोटा निश्चयक काढायचा आणि चौथ्या ओळीतल्या शेवटच्या आकड्यानं त्याला गुणायचं. असा एक भाऊबंद त्या गोतात निघतो. पहिल्या तीन ओळींतल्या कुठल्याही दोन सारख्या करा, तो शून्य देतो. म्हणजे तिन्ही जोड्यांना तो पास. पण पहिली आणि चौथी ओळ सारखी केली तर निश्चयक शून्य होतो, हा होत नाही. पंधरा वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ज्यानं त्यानं ते प्रमेय शेजारशेजारच्या ओळींसाठीच वापरलं होतं आणि तिथं ते बिनचूक चालतं. 'कुठल्याही' या शब्दावर कुणी कधी भार टाकून पाहिला नव्हता.

*

आजानांकडून निरोप आला नाही. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. खोलीचं दार बंद. विभागातला तरुण प्राध्यापक वीरोत, जो लमियतला ताई म्हणे, तो तिला जिन्यात भेटला.

"ताई, काय केलंस तू? आजान दोन दिवस जेवायला खाली उतरले नाहीत."

तिनं सांगितलं. वीरोतनं कपाळाला हात लावला. "अगं, गप्प बसायचं! पुस्तक छापून होऊ द्यायचं, परीक्षा होऊ द्यायची, मग वर्षभरानं कुठंतरी तळटीप टाकायची. त्या बँकॉकच्या परीक्षकाला तरी दिसलं असतं का ते?"

"मला दिसलं ना."

"तुला दिसलं म्हणून मुदत वाढणारै का? आणि त्यांचा निरोप समारंभ आहे, ताई. साऱ्या देशातून त्यांचे विद्यार्थी येणार. पुस्तकाच्या पान एकशे बारावर बोट ठेवायला तूच भेटलीस?"

तिच्या मनात तेच तर चाललं होतं. ज्या माणसानं अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला 'वय काय' असं एकदाही विचारलं नाही, त्याच्याच म्हातारपणी आपण त्याच्या घराची वीट काढली.

घरी, बांगक्रथुमला, तिचा नवरा सनित केळी वाळत घालण्याच्या मांडवात होता. दोघं शाळेत एका वर्गात होते, त्यामुळे त्यांच्यात अहो-जाहो कधी आलं नाही. जाळीच्या फळ्यांवर सोललेली केळी ओळीनं मांडलेली आणि तो एकेक उलटत होता.

"चेहरा का असा? माझे सासरे वारल्यासारखा?"

"तुझे सासरे? ते केव्हाच वारले."

"मग बोल की."

तिनं केळी उलटता उलटता सांगितलं. सनितला गणितातलं ओ की ठो कळत नसे, पण तो ऐकून घेई, ही त्याची मोठी विद्या होती.

"म्हणजे तीन जण आपापसात ओळखीचे," तो अखेर म्हणाला, "आणि चौथ्याला कुणी विचारलं नाही. आणि तुझे आजान म्हणतात की आख्खं गाव एकमेकांना ओळखतं."

लमियत त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला कसं कळलं रे?"

"यात कळायचं काय? गेल्या साली देवळाच्या जत्रेच्या कमिटीत हेच झालं. तिघांनी तीन बैठका घेतल्या, आपसातच. मंडपवाल्याला सांगायला कुणी गेलंच नाही." त्यानं केळ्याचा एक तुकडा तोंडात टाकला. "चूक काढलीस ते ठीक. पण नुसती काढून ठेवलीस तर उपयोग काय? गळकं छप्पर दाखवणारे गावात पुष्कळ असतात."

दुसऱ्या दिवशी तंत्रनिकेतनात परीक्षा होती आणि लमियतला तीन तास पर्यवेक्षण. पोरं मान खाली घालून लिहीत होती. तिनं हजेरीच्या कागदाच्या पाठीवर ठिपके काढले, प्रत्येक ओळीचा एक, आणि तपासलेल्या जोडीमागे एक रेघ. चार ठिपके, तीन रेघा, आणि एक ठिपका एकटा: इथं प्रमेय मोडतं. मग तिनं त्याच तीन रेघा वेगळ्या ओढल्या, अशा की कुठल्याही ठिपक्यावरून निघालं तरी रेघारेघांनी दुसऱ्या कुठल्याही ठिपक्यावर पोचता यावं. पहिल्याची तिसऱ्याशी थेट रेघ नाही. नसू दे. पहिल्या-दुसऱ्याची अदलाबदल करा, मग दुसऱ्या-तिसऱ्याची, मग पुन्हा पहिल्या-दुसऱ्याची. पहिल्या-तिसऱ्याची आपोआप झाली. ज्या जोडीनं शून्य दिलं तिच्या प्रत्येक अदलाबदलीला चिन्ह एकदा पालटतं. तीनदा पालटलं, म्हणजे शेवटी उणेच. जे निश्चयकात होतं तेच. रस्ता लांबचा असला तरी हिशेब तोच राहतो.

किती जोड्या हा प्रश्नच नव्हता. सगळ्या ओळी जोडल्या जातात का, एवढाच प्रश्न होता. जोडल्या गेल्या तर निश्चयक आणि निश्चयकच. एक जरी सुटली, तर दुसरा कुणीतरी आत शिरणार, हमखास.

"बाई, पुरवणी," मागून एक पोरगी तिसऱ्यांदा म्हणाली.

"घे गं बाई, घे," लमियत म्हणाली, आणि तिला एकाऐवजी चार पुरवण्या दिल्या.

त्या आठवड्यात तिनं ते चार पानांत नीट लिहून काढलं. आजानांच्या दाराशी दोनदा जाऊन आली. दार बंदच. त्यांच्या परवानगीवाचून ती पानं कुणाला दाखवणं तिला जमणारं नव्हतं. घडी घालून तिनं ती पिशवीच्या तळाशी ठेवून दिली.

*

शुक्रवारी दहा वाजता तिसऱ्या मजल्यावरची वर्गखोली भरली. सनित इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसला होता. परीक्षकांसाठी त्यानं सुक्या केळ्यांचे खोके आणले होते आणि आल्या-गेल्या प्रत्येकाला तो ते आग्रहानं देत होता. आजान थमरोंग सर्वांत शेवटी आले. ते बरेच वाळलेले दिसले. लमियतनं हात जोडले. त्यांनीही जोडले, पण नजर दिली नाही.

तिनं बोलायला सुरुवात केली. पहिलं प्रकरण झालं, दुसरं झालं. तिसऱ्याशी आली तेव्हा बँकॉकहून आलेल्या परीक्षक वन्पेन यांनी पेन वर केलं. वन्पेन बारीक अंगाच्या, बारीक आवाजाच्या. त्यांच्यापुढे चांगले चांगले विद्यार्थी पाणी मागतात अशी ख्याती.

"एक शंका. इथं तुम्ही आजान थमरोंग यांच्या टिपणांतलं एक प्रमेय घेतलंय. ओळींपेक्षा एक कमी इतक्या 'कुठल्याही' जोड्या. काल रेल्वेत मी सहज चार ओळी घेऊन बघत होते. मला ते मोडतंय असं वाटतं. तुमचं काय म्हणणं?"

वीरोतनं डोळे मिटून घेतले. मोडतं म्हणावं तर भर सभेत गुरूची लाज, मोडत नाही म्हणावं तर धडधडीत खोटं. तिनं तोंड उघडलं. "मला… ते नीटसं…"

"थांबा," आजान थमरोंग म्हणाले.

ते उठून उभे राहिले. "उत्तर लमियतबाईच देतील. त्याआधी मला दोन वाक्यं बोलू द्या. ते प्रमेय माझं आहे आणि ते चुकीचं आहे. नऊ दिवसांपूर्वी या बाई माझ्या खोलीत आल्या आणि 'मला कळलं नाही' असं म्हणून त्यांनी ते मला दाखवलं. मी त्यांना जा म्हटलं." त्यांनी घसा खाकरला. "दोन वाक्यांची तीन झाली. नऊ दिवस मी ते वाचवायची खटपट करतोय. ते वाचत नाही. काल छापखान्यात जाऊन ते पान थांबवून आलो."

आजान लमियतकडे वळले. आता मात्र त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"बाई, सहा वर्षांत तुम्ही माझ्या दारी रिकाम्या हातानं आला नाहीत. दुरुस्ती आणली असेल तुम्ही."

"आणली आहे, आजान."

"मग काढा की! वाट कसली बघता?"

तिनं पिशवीत हात घातला, पानांची घडी बोटांना लागली, आणि तिनं ती तशीच राहू दिली. तिला कागदाची गरज नव्हती. तिनं फळा पुसला आणि खडू घेतला.

"चार ओळी," ती म्हणाली, आणि तिचा तिलाच आवाज ओळखू आला. विद्यापीठात बोलायचा दबका आवाज तो नव्हता. हातोड्यांच्या दणदणाटात चाळीस वेल्डिंगच्या पोरांना जागेवर बसवणारा तिचा नेहमीचा आवाज होता. "पहिली ओळ: एक, शून्य, शून्य, एक. चौथी अगदी तीच. मधल्या दोन मी सांगते तशा लिहून घ्या." परीक्षकांनी निमूटपणे लिहून घेतल्या. "निश्चयक? शून्य. आता हा माझा दुसरा गडी बघा. तिन्ही जोड्यांना शून्य देतो, आणि इथं देतो एक. मोडलं प्रमेय. आता ते उभं करू." तिनं ठिपके काढले, रेघा ओढल्या आणि सवयीनं मागं वळून विचारलं, "शेवटच्या बाकावर दिसतंय का?"

"दिसतंय, बाई!" सनित ओरडला.

"दिसतंय, बाई," पहिल्या रांगेतून वन्पेनही म्हणाल्या, आणि सगळी खोली हसली.

वीस मिनिटांत तिनं ते संपवलं. वन्पेन यांनी मग आपली सुरी काढली. "समजा ठिपक्यांचे दोन गट पडले. इकडे दोन, तिकडे दोन. मग?"

"मग दोन छोटे निश्चयक घ्यायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा. जेवढ्या जोड्या तपासल्या तेवढ्यांना तो शून्य देईल आणि तरी खरा निश्चयक नसेल. गट दोन असोत की दहा, तोतया तयारच असतो. सगळ्या ओळी जोडल्या गेल्या तरच त्याला दार बंद."

"तरच? की तर?"

"दोन्ही. तर आणि तरच."

वन्पेन यांनी पेनाला टोपण लावलं. "मला आणखी काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे मी पुढच्या सत्रात शिकवणार आहे."

लमियतला बाहेर थांबायला सांगितलं आणि पाच मिनिटांत परत बोलावलं. उत्तीर्ण, श्रेष्ठ श्रेणीत. तिसरं प्रकरण दुरुस्त करून सोमवारी प्रती द्याव्यात. टाळ्या वाजल्या. वीरोत म्हणाला, "ताई, माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस." सनितनं उरलेले सगळे खोके उघडले.

लोक पांगल्यावर आजान तिच्यापाशी आले.

"पान एकशे बारावर हे येईल. तुमच्या नावानं."

"नावाची काय गरज आहे, आजान? तुमच्याच टिपणांतलं…"

"नावाशिवाय छापलं तर त्याला चोरी म्हणतात. मी चुकलो आहे, चोर नाही." ते हसले. नऊ दिवसांत पहिल्यांदाच हसत असावेत. "माझ्या अठ्ठावीस विद्यार्थ्यांनी माझी प्रमेयं पाठ केली. कुणी वाचली नव्हती."

तेवढ्यात सफाईवाल्या बुन्माबाई ओला फडका घेऊन आल्या आणि फळ्याकडे वळल्या. आजानांनी हात आडवा केला.

*

सोमवारी सकाळी लमियत दुरुस्त प्रती घेऊन आली. सोमवार, म्हणून सरकारी शिक्षकांचा खाकी गणवेश अंगावर. कार्यालयात पावती घेतली आणि जाता जाता ती तिसऱ्या मजल्यावरून गेली. त्या वर्गखोलीत पहिल्या वर्षाचा तास चालू होता. दाराच्या काचेतून तिनं पाहिलं.

फळ्याच्या चारपैकी तीन भागांत तिचे ठिपके होते, तिच्या रेघा होत्या, जसेच्या तसे. वर कोपऱ्यात आजानांच्या तिरक्या अक्षरात 'पुसू नये' असं लिहिलेलं, आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात, 'लमियतचं प्रमेय'. उजवीकडच्या हातभर उरलेल्या जागेत एक तरुण प्राध्यापिका बारीक बारीक अक्षरं दाटीवाटीनं लिहीत होती. जागा संपली की आपलंच लिहिलेलं पुसायची आणि पुन्हा लिहायची. पलीकडच्या भागाला तिचा हात लागत नव्हता. मुलं माना वाकड्या करून उतरवून घेत होती.

लमियत क्षणभर उभी राहिली. मग तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेनऊला वेल्डिंगचा वर्ग होता. ती भरभर जिना उतरू लागली.